नाताळ ते थर्टी फर्स्ट: मद्याविना फळांचं पंच. तुमचे अनुभव सांगा!

डिसेंबर उजाडला की सोसायटीत, ऑफिसात, मित्रमंडळींत जमायचे बेत सुरू होतात. जेवणात काय करायचं याची चर्चा आठवडाभर चालते, पिणाऱ्यांची सोयही कुणीतरी आवर्जून बघतं. न पिणाऱ्यांच्या हातात मात्र कोमट कोलाचा पेला येतो. आजी, गरोदर सून, गाडी चालवत घरी जाणारा भाऊ, शाळकरी मुलं आणि दारू सोडलेले आपलेच मित्र. या सगळ्यांसाठी मन लावून केलेलं काहीतरी टेबलावर असायला हवं, असं मला फार वाटतं. म्हणून हा धागा. कृती, प्रमाण, भांडी, काय जमलं ते सगळं लिहा.

सुरुवात मीच करते. माझ्या पंचाचा पाया म्हणजे गार कोरा चहा. नुसते रस एकत्र केले की ते गोडमिट्ट होतं आणि दुसरा पेला कुणी घेत नाही. चहाचा तुरटपणा आला की प्यायला धार येते. पंचवीस माणसांना दोन-दोन पेले धरून मी १० लिटरचा हिशोब करते: २ लिटर संत्र्याचा रस, २ लिटर अननसाचा, १ लिटर डाळिंबाचा, १ लिटर चहा, ३ लिटर सोडा आणि उरलेला बर्फ. चहा तीनच मिनिटं मुरवून गाळायचा, उकळायचा नाही. सोडा फ्रिजमध्ये पूर्ण गार करून अगदी शेवटी, पाहुणे आल्यावर, भांड्याच्या कडेने ओतायचा. गार पाण्यात वायू जास्त वेळ टिकतो, म्हणून गार सोड्याचा फसफसाट लवकर उतरत नाही. कधी साध्या सोड्याऐवजी पुण्याच्या कॅम्पातल्या अर्देशिरचा रासबेरी सोडा घालते. रंग असा सुरेख येतो की मुलं आधी तिकडेच धावतात. मात्र तो गोड असतो, तेव्हा साखर अजिबात नको.

नाशिकहून

ताई, चहाची युक्ती झकास. माझी भर आल्याची. आलं किसून पिळायचं आणि रस वाटीत अर्धा तास तसाच ठेवायचा. तळाशी पांढरा साका बसतो. वरचा रस अलगद ओतून घ्यायचा, साका टाकून द्यायचा. साका आत गेला तर पंच गढूळ दिसतं आणि तळाशी पिठूळ लागतं. १० लिटरला तीन-चार मोठे चमचे रस पुरतो. घशात जी हलकी जळजळ होते, तिच्यामुळे मोठी माणसंही हे पोरांचं सरबत समजत नाहीत.

साखर कोरडी घालू नका, गार रसात ती लवकर विरघळत नाही. समप्रमाणात साखर-पाण्याचा पाक करून गार करा आणि चव घेत घेत घाला. चिमूटभर मीठ हवंच, त्याने कडवटपणा दबतो.

मोसंबी वापरत असाल तर रस आयत्या वेळीच काढा. सकाळी काढून ठेवलेला रस संध्याकाळपर्यंत कडू होतो, आणि बिया चिरडल्या तर आणखीच. आमच्याकडे द्राक्षाचा खरा हंगाम जानेवारीपासून. पण डिसेंबरात मिळाली तर ती गोठवून बर्फाऐवजी घालतो, पंच पातळ होत नाही. लहान मुलांच्या पेल्यात मात्र अख्खं द्राक्ष घालू नका, घशात अडकतं. उभं चिरून घाला.

वसईहून

आमच्याकडे नाताळात मध्यरात्रीची मिस्सा झाली की घरी पाहुण्यांची रीघ लागते. मोठ्यांसाठी घरची द्राक्षाची वाइन असते, आणि मुलांनाही तेच ‘लाल’ हवं असतं. आई त्यांच्यासाठी मार्चमध्येच, काळी द्राक्षं स्वस्त झाली की, सोय करून ठेवायची. द्राक्षं दालचिनी-लवंगांसकट थोड्या पाण्यात मऊ शिजवायची, फडक्यातून गाळायची, साखर घालून घट्ट पाक करायचा आणि बाटल्या फ्रीझरमध्ये. नाताळच्या रात्री एक भाग पाक, चार भाग गार पाणी-सोडा, लिंबू आणि संत्र्याच्या चकत्या. आई गेल्यावर आता मी करते, आणि त्या लवंगेच्या वासाने घर अजून तिचंच वाटतं.

एक गोष्ट कळकळीने सांगते. हे दोन लाल जग शेजारी ठेवले तर ओळखू येत नाहीत. आमच्याकडे मुलांच्या जगाला लाल रिबीन बांधलेली असते आणि तो वेगळ्या खोलीत, मुलांच्या उंचीच्या टेबलावर असतो. मोठ्यांचा जग उंचावर. गर्दीत कुणी मोठ्याने ‘हे चालेल ना?’ असं विचारायची वेळच येऊ नये. दारू सोडलेल्या माणसालाही याने फार मोकळं वाटतं, हे मी माझ्या काकांच्या बाबतीत पाहिलंय.

न्यू जर्सीहून

इथल्या मराठी मंडळींच्या डिसेंबरातल्या पॉटलकमध्ये पंचची जबाबदारी बहुतेक माझ्याकडे असते. दोन प्रकार करतो.

पहिला गरम. इथे सायडर म्हणजे न गाळलेला, गढूळसर, मद्य नसलेला सफरचंदाचा रस. तो स्लो कुकरमध्ये दालचिनी, लवंग, आल्याच्या चकत्या आणि संत्र्याच्या फोडी घालून मंद तापवायचा. वाफ आली पाहिजे, उकळी नको. मसाला अख्खाच हवा. पूड घातली तर तळाशी चिखल होतो. तासाभराने दालचिनी काढून घ्या, नाहीतर चव तुरट होत जाते. बाहेर बर्फ पडत असताना दारातून आलेल्या माणसाच्या हातात हा कप दिला की कोट काढायच्या आधीच त्याचा चेहरा खुलतो.

दुसरा थंड, इथल्या घराघरांत होणारा: अननसाचा रस, जिंजर एल (आल्याच्या चवीचा गोड सोडा) आणि वर लाइम शर्बेटचे, म्हणजे आइस्क्रीमसारख्या गोठवलेल्या लिंबाच्या गोडाचे, गोळे. शर्बेट विरघळताना हिरवट पांढरा फेस चढतो, म्हणून भांडं दोन तृतीयांशच भरा. शर्बेटमध्ये थोडं दूध असतं. दूध न चालणारं कुणी असेल तर सॉर्बे घ्या. रंगासाठी मी क्रॅनबेरीचा रस घालतो. तो चांगलाच आंबट-तुरट असतो, त्यामुळे तुमच्या चहाचं काम आपोआप होतं.

बर्फाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पंच तिथेच बिघडतं. छोटे खडे लवकर विरघळतात आणि सगळं पाणचट होतं. मधे भोक असलेल्या केकच्या साच्यात मोठं कडं गोठवा. आधी बोटभर पाणी, त्यात संत्र्याच्या चकत्या आणि क्रॅनबेरी, आणि फ्रीझरमध्ये. ते घट्ट झालं की वर आणखी पाणी किंवा रस. एकदम भरलं तर फळं वर तरंगतात आणि एकाच बाजूला गोठतात. काढताना साचा क्षणभर कोमट पाण्यात बुडवायचा, कडं सुटून येतं. एवढा मोठा तुकडा सावकाश वितळतो आणि दिसतोही देखणा.

सांगलीहून

औषधाच्या दुकानात उभं आयुष्य गेलं, म्हणून एवढंच. ग्रेपफ्रूट किंवा पपनसाचा रस पंचमध्ये घालू नका, किंवा घातला तर पाहुण्यांना सांगा. कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण त्याने वाढतं. मधुमेह्यांसाठी पाक वेगळा ठेवावा, ज्याने त्याने आपला घालावा. रस स्वतःच गोड असतो हेही त्यांना माहीत असू द्या.

कुडाळहून

कोकमाचं कुणी कसं लिहिलं नाही? उन्हाळ्यात साखर भरून उन्हात ठेवलेल्या रातांब्यांचं अमृत कोकम घरोघर असतं. ते पाकाच्या जागी घाला: रंग माणकासारखा, आंबटपणा आयता. सोबत शहाळ्याचं पाणी आणि मलईचे तुकडे, थोडी भरडलेली जिऱ्याची पूड. फक्त बाटली बघून घ्या. आगळ खारट असतं, ते यात चालत नाही. आणि कोकमाचं पंच बिनकल्हईच्या पितळेत किंवा तांब्यात बिलकुल ठेवू नका. काच, स्टील नाहीतर चिनी माती.

धागाकर्ती

वाचून फार आनंद झाला. वसईच्या ताईंची रिबीन आणि वेगळं टेबल यंदा आमच्या सोसायटीत नक्की करणार. आमचं पंच साठ-सत्तर जणांचं असतं, तेव्हा काचेचं भांडं पुरत नाही. तोटीचं स्टीलचं पिंप वापरणारं कुणी आहे का?

नाशिकहून

आहे. फोडी पिंपात टाकायच्याच नाहीत, तोटीत अडकतात. आतल्या बाजूने तोटीच्या तोंडाशी स्टीलची चहाची गाळणी तारेने बांधा. फळं वेगळ्या परातीत बर्फावर ठेवा, चमच्याने पेल्यात घालून मग वरून तोटी सोडा. सफरचंदाच्या फोडींना लिंबू चोळा, काळ्या पडत नाहीत. केळं नकोच. आणि पिंपात सोडा भरू नका. बाटल्या शेजारी बर्फात ठेवा, पेला पाऊण भरला की वरून सोडा घाला. मुलांच्या पेल्यात दोन-चार मनुका टाका, त्या बुडबुड्यांबरोबर वर-खाली करत राहतात.