सरकारी मोजणीत बांध १४ फूट आत आला, निमताना लावू की कोर्ट? (खानापूर तालुका, सांगली)

उसाचं_फड
शेजाऱ्यानं मोजणी आणली आणि खुणा आमच्या उसात १४ फूट आत पडल्या. बांध साधारण ६४० फूट लांब. सातबाऱ्यावर आमचं क्षेत्र बरोबर आहे, मग हे कसं? तो आठवड्यात दगड रोवतो म्हणतोय. निमताना (मोजणी मान्य नसेल तर वरिष्ठांकडून होणारी फेरमोजणी) की कोर्ट, एवढंच सांगा.

बांधकोर
१४ × ६४० = ८,९६० चौ. फूट, भागिले १,०८९, म्हणजे सव्वाआठ गुंठे. पण गट नंबर? जुना सर्व्हे नंबर आणि हिस्सा? मोजणी हद्द कायमची (बांधाची रेषा ठरवायची) की पोटहिस्स्याची? नोटीस आली होती का, जागेवर कोण होतं? क प्रत (खुणा दाखवणारा मोजणीचा नकाशा) पाहिली का?

रोव्हरवाले
खासगी सर्व्हेअर बोलवा. रोव्हरनं (उपग्रहाच्या मदतीनं मोजणारं यंत्र) तासाभरात सेंटिमीटरपर्यंत हद्द निघते.

बांधकोर
@रोव्हरवाले, सेंटिमीटर कुठल्या रेषेचे? रोव्हर आज उभा असलेला बांध मोजणार. तो बांध जागेवर आहे का, हाच तर वाद.

उसाचं_फड
गट ४१२, शेजाऱ्याचा ४१३. मोजणी हद्द कायमची. नोटीस आली होती, धाकटा भाऊ हजर होता, त्यानं सही केली. क प्रत शेजारी दाखवत नाही. जुना नंबर ८७ होता म्हणतात. घाई आहे हो.

जुनी_टिपणं
क प्रत शेजाऱ्याकडं कशाला मागता? तुम्ही लगतधारक आहात, तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात नकलेचा अर्ज टाका. मोजणी कशाच्या आधारे केली, ते त्या प्रकरणातच असतं. मोजणीदारानं नुसता गटनकाशा धरला की टिपण-फाळणी (टिपण म्हणजे सर्व्हे नंबरच्या मूळ मोजणीची मापं, फाळणी म्हणजे त्याचे हिस्से पाडतानाची), एवढं आधी बघा.

फरक का पडतो, तर गावनकाशा १ इंचाला २० साखळ्या या प्रमाणाचा असेल तर १४ फूट म्हणजे कागदावर जेमतेम अर्धा मिलिमीटर. शाईची रेघच तेवढी जाड असते! टिपणात मात्र मूळ रेषेपासूनची मापं साखळी-आण्यात लिहिलेली असतात. साखळी ३३ फुटांची, आणे १६, म्हणजे एक आणा दोन फुटांच्या किंचित वर. तुमचे १४ फूट जवळजवळ ७ आणे भरतात. आकडा चुकून वाचला गेला असेल, असं होऊ शकतं. झालंच असेल असं नव्हे. टिपण मोडीत असेल तर मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या, अंदाजानं नको.

काढायचे कागद:
एकत्रीकरण योजनेचे (जुन्या सर्व्हे नंबरांचे गट झाले ती) ९(३), ९(४) चे उतारे. ४१२ आणि ४१३ कुठल्या सर्व्हे-हिस्स्यातून आले ते यातच कळतं.
८७ चं टिपण, आकारबंद (क्षेत्र-आकाराची नोंद) आणि गुणाकार बुक (क्षेत्राचा हिशेब). दोन्ही गट ८७ चेच हिस्से असतील तर फाळणीही. तेव्हा मधली रेषा फाळणीची असते, टिपणाची नसते.
दोन्ही बाजूंचे सगळे फेरफार, अगदी पहिल्यापासून.

तुमचा तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात, मग दक्षिण साताऱ्यात, १९६० पासून सांगलीत. जुन्या कागदावर ‘जिल्हा सातारा’ दिसला म्हणून बाजूला टाकू नका.

दिवाणी_दावा
एवढं फिरण्यापेक्षा दावा लावा, दगड रोवायला मनाई मागा, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नियम ९ खाली जागा पाहायला कमिशनर नेमून घ्या.

जुनी_टिपणं
कमिशनर म्हणून बहुतेक वेळा भूमी अभिलेखचाच माणूस येतो आणि तेच कपाट उघडतो. कपाटात फाळणी नसेल तर अहवालही गटनकाशावरच. मनाई मागा, पण कागद हातात घेऊन.

शिवार_पाहणी
ई-पीक पाहणी वेळेत करा, नाहीतर पीक पेरा कोरा राहतो.

बांधकोर
पाहणीनं हद्द ठरत नाही, दादा.

चिंचेखाली
बांधावर चिंच असेल तर फळ कोणाचं? आमच्याकडं हाच घोळ आहे.

बांधकोर
वेगळा धागा काढा.

उसाचं_फड
नकला आणल्या. दोन्ही गट ८७ चेच, आम्ही ८७/२, ते ८७/३. १९६८ ला वाटणीचा फेरफार आहे. कार्यालयात म्हणाले, हिस्स्याची फाळणी सापडत नाही. क प्रतीवर आधार म्हणून फक्त गटनकाशा लिहिलाय.

जुनी_टिपणं
मग दोन गोष्टी. फाळणी सापडत नाही हे तोंडी घेऊ नका, लेखी मागा. आणि ‘आपले अभिलेख’ पोर्टलवर त्या गावाचं स्कॅनिंग तपासा, कधीकधी कागद दुसऱ्या प्रकारात चढवलेला असतो. फेरफाराच्या मागं वाटणीपत्र जोडलंय का? त्यात पूर्व-पश्चिम रुंदी फुटात लिहिलेली असेल तर तो मोठा आधार.

निमताना उपअधीक्षक स्वतः करतात, म्हणून अर्जात ‘मोजणी चुकीची’ एवढंच लिहून भागत नाही. ‘हिस्सा ८७/२ आणि ८७/३ मधली हद्द फाळणीऐवजी गटनकाशावरून दाखवली’ असं नेमकं लिहा, सोबत नकला जोडा. भावाची सही हजेरीची आहे की खुणा मान्य असल्याच्या जबाबावर, तेही पाहून कळवा.

उसाचं_फड
जबाबावरच आहे. वाचून केली नाही म्हणतो.