जमीन अजून आपल्या नावावर नाही

(चिपळूणच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून)

ए-३०२ (मुंबईहून): कन्व्हेयन्ससाठी, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करायला, पुन्हा वर्गणी कशाला? ॲग्रीमेंट रजिस्टर आहे, शेअर सर्टिफिकेट आहे. फ्लॅट माझाच ना?

बी-२०३ (सेक्रेटरी): फ्लॅट तुमचाच, दादा. जमीन नाही. परवा सातबारा काढला, त्यावर अजून मूळ मालकाच्या वारसांची नावं आहेत. सोसायटी रजिस्टर होऊन १५ वर्षं झाली. करारात वेगळी मुदत नसेल तर मोफाप्रमाणे (फ्लॅट मालकीचा कायदा) ४ महिन्यांत बिल्डरने कन्व्हेयन्स करून द्यायचं असतं.

ए-१०१ काकू: अरे, तो फोन तरी उचलतो का?

बी-२०३: म्हणून तर डीम्ड कन्व्हेयन्स, काकू. म्हणजे बिल्डर करत नसेल तर सरकारी आदेशाने होणारं. मोफा १९६३, कलम ११. अर्ज रत्नागिरीला जिल्हा उपनिबंधकांकडे. ते बिल्डरला नोटीस काढून सुनावणी घेतात. आदेश झाला की दस्त नोंदवायचा, मग तलाठ्याकडे फेरफार. बिल्डरच्या सहीवाचून अडत नाही.

बी-००२: बिल्डरने मला स्टिल्ट पार्किंग (बिल्डिंगखालची खांबांमधली जागा) विकलंय, पावती आहे. ते जाणार का?

बी-२०३: भाऊ, ते त्याला विकताच येत नव्हतं. सुप्रीम कोर्टाचा २०१० चा निकाल आहे. वाटप सोसायटीनं करायचं. त्यावर जनरल बॉडीत बोलू, इथे फाटे नकोत.

ए-३०२: पण आत्ताच घाई का?

बी-२०३: लिफ्टशेजारच्या पिलरचा फोटो टाकलाय, मोठा करून बघा. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी तिथे माझ्या छातीपर्यंत होतं. आता प्लास्टर सुटलंय, सळीचे पापुद्रे नुसत्या नखानं निघतात. उद्या बिल्डिंग पाडून बांधायची वेळ आली, तर जमिनीवर नाव नसलेल्या सोसायटीशी कोण करार करील? मला याची रात्री झोप लागत नाही, दादा. खाली म्हातारी माणसं राहतात.

ए-३०२: फोटो बघितला. माझी वर्गणी आज पाठवतो.

ए-१०१ काकू: माझं ॲग्रीमेंट पुरात भिजलं रे. गच्चीवर वाळत घातलं तर पानं चिकटून वडी झाली. मला वगळतील का?

बी-२०३: मुळीच नाही. दस्ताची नोंद चिपळूणच्या दुय्यम निबंधकांकडे आहे. इंडेक्स-२ (नोंदीचा उतारा) आणि नक्कल दोन्ही मिळतं. फक्त दस्त क्रमांक हवा.

ए-१०१ काकू: रजिस्ट्रेशनची पावती देवघरातल्या डब्यात होती, वरच्या फळीवर. थांब, बघते.

ए-१०१ काकू: सापडली. नंबर वाचता येतोय.

बी-२०३: सकाळी दहाला खाली या काकू, रिक्षा घेऊन येतो.