प्रतिसाद: जंगलातले शांत रस्ते

जंगलातल्या शांत रस्त्यांवर सायकल चालवायची तर सकाळी लवकर निघा, रस्ता रिकामा मिळतो, हा इथे कुणीतरी दिलेला सल्ला पटला. फक्त पुरतं उजाडू द्या. झुंजुमुंजूच्या वेळी हरणं, डुकरं रस्त्यावरच असतात.

माझी भर अशी, की नकाशावर रस्ता पुढे कुठे जातो ते आधी बघा. दोन गावांना जोडणारा रस्ता कितीही दाट जंगलातून गेला तरी त्यावर ट्रक येणारच. धरणाशी किंवा माथ्यावरच्या मनोऱ्याशी संपणारा रस्ता मात्र सहसा शांत असतो. चढ खडा असतो, पण मला तेच आवडतं.

खरी काळजी उताराची. गर्द झाडीखाली ऊन पोचत नाही, त्यामुळे बाकी रस्ता कोरडा असला तरी वळणावर ओली पानं आणि शेवाळ टिकून राहतं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर साधारण चौपट होतं, म्हणून वेग वळणाआधीच, सायकल सरळ असताना कमी करा. रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कडेला, म्हणजे रिमला, रबर दाबून थांबवणारे) असतील तर लांब उतारावर सतत दाबून धरू नका, रिम तापून ट्यूब फुटू शकते. दाबा, सोडा, परत दाबा. विंडचीटर माथ्यावरच चढवा. घामेजल्या अंगाला उतारावरचा वारा फार झोंबतो.