डिशवॉशरच्या तळाला पाणी साचतंय, गाळणी तर साफ आहे. मग अडतंय कुठे?

सांडशी:
भांडी धुऊन झाल्यावर मशीनच्या तळाला दोनेक इंच गढूळ, तेलकट पाणी राहतं. कधी प्रोग्रॅम मध्येच थांबतो आणि पाणी बाहेर जात नसल्याचा कोड येतो. (ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'कुठला घ्यावा'कडे वळतो.) गाळणी काढून धुतली, ती साफ आहे. राहणं पुण्यात, पाणी बोअरचं आणि टँकरचं. मशीनचा आउटलेट पाइप सिंकखालच्या बॉटल ट्रॅपला (वास अडवणाऱ्या बाटलीसारख्या वाटीला) जोडलाय. रोज इको ५० अंशांवर लावतो. मिठाचा दिवा लागलेला असतो, पण भांडी बरी निघतात म्हणून मीठ भरलेलं नाही.

पंप गेलाय की नाही हे घरी कसं ओळखायचं? आणि नाली मोकळी करायची पावडर मिळते ती आत टाकली तर चालेल का?

खटपट्या:
पावडर नको, अजिबात नको. त्यात कॉस्टिक सोडा असतो. साचलेल्या पाण्यात पडला की तो तापतो, रबरी सील खातो, आणि एवढं करून पाणी नाहीच निघालं तर त्याच पाण्यात तुम्हाला किंवा मेकॅनिकला हात घालावा लागतो.

पंपावर संशय घेण्याआधी बादलीची चाचणी करा. आउटलेट पाइप ट्रॅपपासून सोडवा आणि त्याचं टोक बादलीत धरा. बादली जमिनीवर नको, स्टुलावर ठेवा, म्हणजे टोक साधारण ट्रॅपच्याच उंचीवर येईल. खाली धरलं तर सायफन लागून पाणी आपोआप ओढलं जातं आणि अशक्त पंपही धडधाकट वाटतो. आता प्रोग्रॅम रद्द करा. बऱ्याच मशीनमध्ये स्टार्ट किंवा रिसेट तीनेक सेकंद दाबून धरलं की मशीन मिनिटभर फक्त पाणी उपसतं.

धार जोरात आली तर मशीन निर्दोष, बोळा ट्रॅपच्या बाजूला. ट्रॅपला जे नोझल असतं, जिथे क्लिप लावून पाइप चढवतात, तिथे वाट एकदम अरुंद होते आणि सिंकमधलं तूप-तेल तिथेच थिजतं. नोझल काढून पेचकसाने खरवडा, ट्रॅपची खालची वाटी उघडून धुवा. (नवीन जोडणीत पहिल्याच दिवशी पाणी अडलं तर नोझलच्या तोंडाचा प्लास्टिकचा बंद पडदा प्लंबरने कापलेला नसतो. तुमच्याकडे आधी चालत होतं, तेव्हा तो प्रश्न नाही.)

धार बारीक, पण पंपाचा आवाज नेहमीसारखा असेल तर आउटलेट पाइप आतून बुळबुळीत झालाय किंवा ओट्यामागे मुडपलाय. नुसतं गुणगुणणं ऐकू येतंय आणि थेंब नाही, तर पंपाच्या पंख्यात काहीतरी अडकलंय. काहीच आवाज नसेल तर वायर, पंपाची कॉइल किंवा मशीनचं इलेक्ट्रॉनिक कार्ड. तिथे मेकॅनिकच लागणार.

पंखा बघायला प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. भांड्यांची खालची जाळी बाहेर घ्या, पाणी स्पंजने टिपा, गाळणी डावीकडे फिरवून उचला. हातमोजे घाला, गाळणीखालच्या खड्ड्यात काचेचे कपचे सापडतात. खड्ड्याच्या बाजूला पंपाचं छोटं झाकण दिसेल. बॉश-सीमेन्सच्या बहुतेक मॉडेलमध्ये ते चमच्याच्या दांड्याने उचकटून आतल्या बाजूला ओढायचं. काही मशीनमध्ये स्क्रू असतो. आतला पंखा बोटाने फिरवा. तो अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरला तर घाबरू नका. रोटरमध्ये चुंबक असतो, त्यामुळे तो तसाच फिरतो. अजिबात हलत नसेल तर अडकलाय. काहीही विरोध न होता गरगर फिरला तर दांड्यापासून तुटलाय. तिथे सापडणाऱ्या वस्तू ठरलेल्या: लिंबाची बी, टूथपिक, हाडाचा तुकडा, तारेच्या घासणीचे केस आणि नव्या स्टीलच्या वाट्यांवरचे स्टिकर. ते स्टिकर कृपया आधी सोलत जा.

झाकण बसवताना कट् असा आवाज यायला हवा. बॉश-सीमेन्सचा ई२५ कोड पंप अडकल्यावर येतो आणि हे झाकण नीट बसलं नसलं तरी येतो. ई२४ म्हणजे पाइप किंवा ट्रॅपकडे बघा. एलजीमध्ये पाणी न निघाल्याचा कोड ओई.

मोरपीस:
एवढी चिरफाड कशाला? वरच्या जाळीत वाटीभर व्हिनेगर ठेवायचं आणि रिकामं मशीन चालवायचं. सगळं सुटतं.

घागर:
@मोरपीस, १५० मिलीच्या वाटीत ५ टक्क्यांनी जेमतेम साडेसात ग्रॅम आम्ल. ते तीन-चार लिटर पाण्यात मिसळणार. प्रोग्रॅमला प्री-वॉश असेल तर पहिल्याच उपशात तेही वाहून जाणार. वास जातो, बोळा जात नाही. शिवाय सांडशींच्या पाइपात जे साठलंय त्याचं मूळ वेगळं आहे, आणि ते त्यांनी स्वतःच लिहिलंय: बोअरचं पाणी, बंद मीठ, रोज ५० अंश.

डिशवॉशरच्या पावडरीत अल्कली असते. ती तेलाशी मिळून थोडा साबण तयार करते. मऊ पाण्यात तो विरघळून निघून जातो. बोअरच्या जड (क्षारयुक्त) पाण्यातलं कॅल्शियम त्या साबणाला धरतं आणि न विरघळणारा, करडा, मेणचट थर होतो. आंघोळीच्या बादलीला बसतो तोच. भांड्यांवर तो लगेच दिसत नाही, पण पाइपात, खड्ड्यात आणि दाराच्या रबराखाली बसत राहतो. इको प्रोग्रॅममध्ये शेवटचं पाणी फारसं गरम नसतं, त्यामुळे तूप आणि खोबरेल वाटेतच गोठतं. म्हणजे आज पाइप साफ केलात आणि मीठ भरलं नाहीत, तर काही महिन्यांत पुन्हा हाच प्रश्न.

मशीनमधलं रेझिन (कॅल्शियम धरणारे बारीक मणी) पाणी मऊ करतं आणि मीठ त्या रेझिनला पुन्हा ताजं करतं. मिठाची टाकी मशीनच्या तळाला असते, झाकण फिरवून उघडतं. पहिल्यांदा भरताना एक लिटर पाणी आणि मग मीठ. तुमच्या टाकीत पाणी आधीच असेल, त्यामुळे फक्त मीठ, मॉडेलप्रमाणे १ ते दीड किलो. फनेल वापरा. खारं पाणी बाहेर सांडतंच, म्हणून भरून झाल्यावर ताबडतोब एक प्रोग्रॅम लावा. ते रात्रभर तसंच राहिलं तर स्टीलवर डाग आणि खड्डे पडतात. झाकणाच्या आट्यांत मिठाचा खडा राहिला तर झाकण सैल बसतं आणि प्रत्येक धुण्यात मीठ झिरपून ग्लास पांढुरके निघतात.

मीठ डिशवॉशरचंच, जाड खड्यांचं. स्वयंपाकाचं आयोडीनवालं बारीक मीठ टाकीत दगडासारखं घट्ट होतं, त्यातलं गुठळ्या न होण्यासाठीचं रसायन रेझिनमध्ये अडकतं. सैंधवात माती आणि इतर क्षार असतात, तेही नको.

मीठ भरून काम संपत नाही, जडपणाचं सेटिंग करावं लागतं. टीडीएस मीटरवर जाऊ नका, तो सगळे क्षार मोजतो. जडपणा मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात, त्या स्वयंपाकघराच्या नळाखाली वापरा. बॉशमध्ये एच००पासून एच०७पर्यंत पायऱ्या आहेत. सर्वांत वरची ३१ ते ५० जर्मन अंशांसाठी (हे जडपणाचं एकक), म्हणजे साधारण ५५० ते ८९० पीपीएम. त्याहून जड पाणी असेल तर मशीनमधलं रेझिन पुरं पडत नाही, बाहेर सॉफ्टनर लावावा लागतो. 'ऑल इन वन' गोळीत मीठ आलंच, असं दुकानदार सांगतो. ते साधारण २१ अंशांपर्यंत, ३७५ पीपीएमच्या आसपास चालतं. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की पुन्हा मोजा.

सांडशी:
बादलीत धार बारीकच येतेय, आवाज नेहमीचा. म्हणजे पाइप. तो साफ करू की बदलू? आणि वरच्या जाळीतल्या ग्लासांत मोहरी-जिऱ्याचे दाणे सापडतात, तेही यामुळेच का?

खटपट्या:
पाइप मशीनमागून सुटत असेल तर काढून बाथरूममध्ये न्या. हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्यात दोन चमचे डिशवॉशर पावडर घालून तो अर्धा तास भरून ठेवा आणि मग नळाचं पाणी जोरात सोडा. आतून पन्हळ्या असल्यामुळे तार घालून साफ होत नाही, उलट भोक पडतं. सुटत नसेल किंवा चिरा दिसल्या तर नवीन घ्या, पण लांबी उगाच वाढवू नका.

लावताना पाइप ओट्याच्या खाली जितका वर जाईल तितका वर नेऊन तिथे बांधा आणि मग ट्रॅपकडे उतरवा. ही कमान नसेल तर सिंकमधलं घाण पाणी मशीनमध्ये येतं आणि दोष पंपावर जातो. तपासायचं तर मशीन कोरडं आणि बंद असताना सिंक भरून एकदम सोडा. तळाला पाणी दिसलं तर ते सिंकचंच. गाळणीखालच्या खड्ड्यात थोडं पाणी मात्र नेहमीच राहतं, ते उपसत बसू नका.

पाइप जोडल्यावर मशीन रिकामं ठेवून आतली सफाई दोन फेऱ्यांत करा. पहिली ७० अंशांवर, नेहमीच्या दुप्पट पावडरीने. ही मेणचट थरासाठी. दुसरी वेगळी, पावडर न घालता १०० ते १५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड तळाला टाकून, प्री-वॉश नसलेल्या गरम प्रोग्रॅमवर. ही क्षारांसाठी. दोन्ही एकत्र टाकलं तर आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात. ब्लीच कुठल्याच फेरीत नको: आम्लाशी क्लोरीन वायू होतो आणि स्टीलही खराब होतं.

वाटीचमचा:
दाण्यांबद्दल: मोहरी गाळणीतून जाण्याइतकी बारीक नसते. ती वर गेली याचा अर्थ गाळणी नीट बसलेली नाही. गाळणीचे दोन-तीन भाग असतात. चपटी स्टीलची जाळी खड्ड्याच्या कडेला सपाट टेकली पाहिजे आणि मधला दंडगोल फिरवून खुणेवर लॉक झाला पाहिजे. धुऊन घाईत परत ठेवताना हे राहतं. मग दाणे धुण्याच्या पंपातून पाणी फवारणाऱ्या, फिरणाऱ्या पंख्यांत (उपशाच्या पंपातला पंखा वेगळा) जातात आणि छिद्रात बसतात.

खालचा पंखा बहुतेक मशीनमध्ये सरळ वर ओढला की निघतो, वरच्याला फिरवायची चकती असते. कानाशी धरून हलवा, दाणे वाजतील. ते छिद्रांतून टूथपिकने बाहेर काढा, आत ढकलू नका. छिद्रांभोवती पांढरं धरलं असेल तर सायट्रिक अ‍ॅसिडच्या कोमट पाण्यात तासभर बुडवा. बसवल्यावर हाताने फिरवून पाहा: कढईचा दांडा किंवा झारा आड आला तर पंखा जागीच थांबतो आणि एकाच बाजूची भांडी धुतली जातात.

आपल्या फोडणीच्या स्वयंपाकाला गाळणी दोन-तीन दिवसांनी नळाखाली धरावी लागते, तेवढंच पुरतं. भांडी आधी विसळत बसू नका. कढीपत्ता, भाताची शितं, खोबऱ्याचा चोथा ताटातून खरवडून टाका आणि तूप-तेलाची कढई कागदाने पुसून घ्या. पावडरीतल्या एन्झाइमना काम करायला थोडं खरकटं लागतंच. आठवड्यातून एकदा इकोऐवजी ६५-७० अंशांचा इंटेन्सिव्ह.

आणि पावडर संपली म्हणून भांडी घासायचं लिक्विड चमचाभरसुद्धा नको. मशीन फेसाने भरतं, पंपाला पाण्याऐवजी फेस मिळाला की तो नुसता घुमतो आणि पुन्हा तोच कोड येतो. फेस दारातून झिरपून खालच्या ट्रेमध्ये गेला तर तिथला फ्लोट वर उचलला जातो. बॉश-सीमेन्समध्ये तेव्हा ई१५ येतो आणि पंप थांबायचं नाव घेत नाही. अशा वेळी आधी इनलेटचा नळ बंद करा, मग प्लग काढा.