मदत हवी आहे: रोडग्याच्या जेवणाला ४० जणांसाठी गोड, बोंडं की संत्रा बर्फी?

पऱ्हाटी
फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी शेतात रोडगे (आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजलेले कणकेचे जाड गोळे) आहेत. यवतमाळ जिल्हा, गावापासून चार किलोमीटर. माणसं ४०, त्यांत बारा-तेरा लेकरं. रोडगे, वांग्याची भाजी, वरण सगळं तिथंच होईल. गोडाचं माझ्याकडं आहे. शेतात फ्रिज नाही, गॅस नाही, चूल मांडता येते. घरून नऊला निघायचं आणि पंगत दीडच्या आधी काही बसत नाही.

दोन पदार्थ मनात आहेत, दोन्हींत अडचण आहे.

१) कोहळ्याची बोंडं. १ किलो कोहळ्याचा कीस, अर्धा किलो गूळ, मावेल तेवढी कणीक आणि एक चमचा सोडा, या प्रमाणात केली तर बोंडं तेल पितात, दोन-चार कढईतच फुटतात. वरून काळपट, आत कच्ची.
२) संत्रा बर्फी. रस खव्यात घातला की दाणे पडून पाणी सुटतं, आणि थंड झाल्यावर चव कडवट लागते.

४० जणांचं नेमकं प्रमाण आणि काय चुकतं ते सांगा. तिसरं काही सुचत असेल तर तेही चालेल.

चुलीपुढं
बोंडंच करा, बर्फी घरी बसून खायची वस्तू आहे. तुमच्या कृतीत तीन चुका दिसतात: सोडा, "मावेल तेवढी" आणि बहुतेक गरम मिश्रणात घातलेली कणीक.

आधी हिशोब. माणशी तीन बोंडं धरा, म्हणजे १२०. त्याला सोललेल्या कोहळ्याचा कीस १ किलो ६०० ग्रॅम लागेल. साल-बिया जाऊन एवढा कीस निघायला सव्वादोन किलोचं फळ घ्या. गूळ ८०० ग्रॅम, कणीक १ किलो १०० ग्रॅम, बारीक रवा २०० ग्रॅम, मोहनाला कडकडीत तेल चार मोठे चमचे, मीठ एक लहान चमचा, वेलदोडे आणि जायफळ, खसखस किंवा तीळ मूठभर. सोडा नाही.

कोहळं असं घ्या की सालीत नख शिरत नाही, देठ वाळलेला आहे आणि उचललं की आकाराच्या मानानं जड लागतं. फिकट, कोवळं कोहळं पाणीच जास्त सोडतं, मग त्याला कणीक जास्त लागते आणि बोंडं दगड होतात.

कीस जाड बुडाच्या गंजात, पाणी न घालता, झाकण ठेवून मऊ करा. मग झाकण काढून गूळ चिरून घाला. गूळ विरघळला की मिश्रण आधी पातळ होतं, घाबरू नका. सराट्यानं हलवत आटवा. गंजाच्या तळाशी सराटा ओढल्यावर रेघ क्षणभर राहिली की उतरवा. याच्या आधी उतरवलं तर कणकेचं माप चुकतं, जास्त आटवलं तर गुळाचा पाक होऊन बोंडं कडक येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे मिश्रण पूर्ण गार होऊ द्या. हाताला कोमटही लागता कामा नये. गरम मिश्रणात कणीक घातली की ती तिथंच शिजते, चिकट लगदा होतो आणि तो सैल करायला आपण पाणी घालतो. आत कच्ची राहण्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. मोहन, रवा आणि हजार ग्रॅम कणीक घालून कालवा, शंभर ग्रॅम मागं ठेवा. पाऊण तास झाकून ठेवल्यावर रवा फुगतो आणि पीठ घट्ट होतं. त्यानंतर ठरवा, ती शंभर ग्रॅम लागते का. पीठ बोटांवरून आपोआप गळू नये, अंगठ्यानं ढकललं की सुटावं.

फुटण्याची कारणं दोन: न विरघळलेला गुळाचा खडा, नाहीतर गूळ जास्त आणि कणीक कमी. कढईत एकच बोंड सोडून बघा. ते पसरलं तर दोन मुठी कणीक घाला. सगळा घाणा सोडून मग हळहळण्यात अर्थ नाही.

पुणेकर_जिभेचा
कोहळा म्हणजे पेठ्याचा तो पांढरा ना? त्याची बोंडं गोड लागतात?

चुलीपुढं
नाही हो. विदर्भात कोहळं म्हणजे लाल भोपळा, कुणी डांगर म्हणतं, कुणी काशीफळ. तुमच्याकडचे घारगे याचेच, फक्त ते थापून तळतात आणि बोंडं हातानं सोडतात. पांढऱ्या कोहळ्याची करायला गेलात तर नुसतं पाणी हाती येईल.

जवसफूल
आमच्याकडं कीस शिजवत नाहीत, कच्चाच घेतात. कीस आणि बारीक चिरलेला गूळ एकत्र करून अर्धा तास ठेवायचा, त्याला सुटेल त्या पाण्यात कणीक भिजवायची. चव जास्त मोकळी येते. पण इथं पीठ ठेवलं की सैल होत जातं, वर सांगितलंय त्याच्या बरोबर उलटं. त्यामुळं भिजवल्या भिजवल्या तळायचं. ४० जणांसाठी दोन-तीन तास तळण चालणार असेल तर शिजवलेलीच पद्धत बरी. कच्च्या किसाची करायची झाली तर किसणीची बारीक बाजू वापरा. जाड कीस तेलात पाणी सोडतो आणि बोंड तडकतं.

तुराटी
भाऊ, चुलीवर तळाचं असन तर जाळाचं पाहा. बोंडं तेल काऊन पेते? तेल थंड पडते म्हणून. तुराट्या (तुरीच्या वाळल्या काड्या) नाहीतर पऱ्हाट्या (कपाशीच्या) घातल्या की भडका होते, वरून काळं, आन दोन मिनिटांत जाळ बसते. मग तेच बोंड त्याच तेलात तेल पीत बसते. रोडग्याच्या भाजीले तुराट्या चालते, तळणाले नाही. बाभळीचं वाळलं लाकूड पायजे. निखारा धरला की आच कमी कराची असन तर लाकूड मागं ओढाचं, पाणी शिंपडाचं नाही, राख उडते कढईत.

तेल पाहाची खूण सांगतो. पिठाचा बोराएवढा गोळा सोडाचा. खाली बसून तीन-चार मोजेपर्यंत वर आला तर बरोबर. पडल्या पडल्या वर आला आन लगेच लाल झाला तर तेल जास्त तापलं. खालीच बसून राहिला तर थांबा. एका घाण्यात कढईचा अर्धा भाग भरन इतकीच बोंडं टाका, जास्त टाकली की तेल पुन्हा थंड.

पऱ्हाटी
तुराट्याच जाळल्या होत्या. तळण घरी गॅसवर करून नेलं तर? आणि सोड्यानं नेमकं काय होतं?

चुलीपुढं
घरीच तळा. गूळ असल्यामुळं रंग लवकर येतो, म्हणून आच मध्यम, एका घाण्याला पाच ते सहा मिनिटं. वरून तपकिरी झालं की काढायचा मोह होतो, तो आवरा. एक बोंड मोडून बघा, मधोमध ओलसर चकचकीत दिसलं तर अजून मिनिटभर.

सोड्यानं बोंड फुगतं, आत पोकळ्या होतात आणि त्या पोकळ्यांतून तेल शिरतं. रंगही लवकर काळवंडतो. हलकेपणा हवा असेल तर तो मोहनानं आणि पीठ हातानं नीट फेसल्यानं येतो.

आदल्या रात्री तळलीत तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत छान राहतात, किंबहुना मुरून जास्त मऊ होतात. फक्त गरम असताना डब्यात बंद करू नका. वाफेचं पाणी झाकणावरून परत बोंडांवर पडतं आणि ती चिकट होतात. टोपलीत कागद किंवा सुती फडकं घालून पूर्ण गार करा, मग डबा. शेतात डबा सावलीत ठेवा आणि रोडगे उकरून काढल्यावर उरलेल्या आरावर तवा ठेवून बोंडं नुसती शेकवून द्या. तव्यावर तूप-तेल काही नको.

बगीचा_वरुड
बर्फीवाल्या प्रश्नाला कुणी हातच लावला नाही, म्हणून लिहितो. कडवटपणा संत्र्याच्या बीत आणि पांढऱ्या धाग्यांत असतो. रस काढताना जाणवत नाही, तापवल्यावर किंवा ठेवल्यावर वर येतो. म्हणून मिक्सरमध्ये अख्ख्या फोडी फिरवणं बंद करा. आत बी चिरली की संपलं. फोडीची पातळ साल काढून, बी वेचून फक्त गर घ्या. वेळखाऊ आहे, दीड किलो संत्र्यांना दोन माणसांचा तास जातो, पण दुसरा रस्ता नाही.

४५ वड्यांसाठी: मध्यम संत्री १ किलो ६०० ग्रॅम (गर साधारण ८०० ग्रॅम), साखर ४५० ग्रॅम, खवा अर्धा किलो, सुकं खोबरं किसून दीडशे ग्रॅम. आता मृग बहाराचा (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या झाडांचा) माल सुरू झालाय, घट्ट सालीची फळं बघून घ्या. साल सुटून पोकळ झालेल्या फळात चोथाच जास्त.

गर एकटाच स्टीलच्या पातेल्यात अर्धा होईपर्यंत आटवा, मग साखर घाला आणि कडेनं सुटेपर्यंत हलवा. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात किंवा ॲल्युमिनियममध्ये हे करू नका, आंबटपणा भांड्याला लागतो आणि चव बिघडते. खवा दुसऱ्या भांड्यात मंद आचेवर गुलाबीसर भाजून उतरवा. दोन्ही कोमट झाल्यावर, जाळाबाहेर, एकत्र करा. खवा फाटतो तो पातळ आंबट रस उकळत्या खव्यात पडतो म्हणून. आटवलेल्या, साखरेनं घट्ट झालेल्या गरानं तसं होत नाही. शेवटी खोबरं घालून तूप लावलेल्या ताटात थापा.

सालीचा वास हवा असेल तर केशरी भाग चिमूटभर किसा, खालचा पांढरा लागला की पुन्हा कडू.

एवढं लिहून सांगतो, तुमच्या कार्यक्रमाला ही बर्फी नेऊ नका. फेब्रुवारीच्या दुपारी उन्हात चार-पाच तास खवा ठेवायचा म्हणजे जुगार आहे. त्यातून खवा बाजारातला असेल तर कधीचा ते कळत नाही. घरी आटवायचा तर अर्धा किलोला म्हशीचं दोन ते अडीच लिटर दूध लागेल.

जवसफूल
तिसरं सुचवते. रोडगे करणारच आहात, तर त्यांतलेच पंधरा बाजूला काढा आणि चुरमा करा. घरून फक्त गूळ आणि तूप न्यायचं. एक किलो चुऱ्याला ४०० ग्रॅम गूळ, २५० ग्रॅम तूप, वेलदोडा. ४० जणांना वाटीभर द्यायचा असेल तर दीड किलो चुरा धरा.

रोडगा आरातून काढला की फडक्यात घालून राख झटका, वरची करपलेली पापडी खरवडून टाका, नाहीतर चुरमा कडू. गरम असतानाच फोडून हातानं चुरा. गार झाला की तो चुरत नाही, तुकडे पडतात. गूळ आधी किसून ठेवा. खडे टाकले तर एका घासाला नुसता गूळ, दुसऱ्याला नुसता रोडगा. तूप पातळ करून शेवटी. चुरम्यासाठीच्या रोडग्यांत ओवा आणि मीठ घालू नका, हे पीठ मळतानाच लक्षात ठेवायचं, नंतर उपाय नाही.

पऱ्हाटी
चुरमा पटला. पण लेकरं वाटीतला चुरमा सांडवतील, त्यांच्यासाठी बोंडं हवीत. मोठ्यांना चुरमा आणि सगळ्यांना बोंडं असं केलं तर प्रमाण किती कमी करू? आणि तीन-चार जणांना शुगर आहे, दोन्हींत गूळच आहे तर चालेल ना?

चुलीपुढं
बोंडं माणशी दोन धरा. कीस १ किलो १०० ग्रॅम, गूळ ५५० ग्रॅम, कणीक ७५० ग्रॅम, रवा १४० ग्रॅम, मोहन तीन चमचे. ८० ते ८५ होतील. चुरमा २७-२८ मोठ्या माणसांना एक किलो चुऱ्याचा पुरे, कारण रोडगे आणि वरण खाऊन पोटात जागा राहत नाही.

गुळाबद्दल मात्र गैरसमज नको. रक्तातली साखर गूळही वाढवतो, साखरेइतकाच. त्या तीन-चार जणांसाठी गोड करूच नका. पेरू कापून ठेवा.

तुराटी
चुरम्याचे रोडगे आरात वेगळ्या कोपऱ्यात दाबा आन वर खूण म्हणून एक वीट ठेवा. सगळे एकाच आरात गेले तर बिनओव्याचे कोणते ते उकरल्यावर समजत नाही.