फियाट डिलाइटचं पुढचं सस्पेन्शन: किंगपिन ठेवायचा, की कापून मारुतीचा स्ट्रट घालायचा?

उद्यमबागकर

जुनी फियाट डिलाइट किंवा पद्मिनी कुणी घेतली की आपल्या बेळगावात त्याला पहिला सल्ला हाच मिळतो: पुढचं सगळं काढून टाक, इनर फेंडर काप, मारुती ८०० चे स्ट्रट (शॉकअब आणि स्प्रिंग एकत्र असलेला उभा खांब) वेल्ड करून घे. स्टेअरिंग हलकं होतं, डिस्क ब्रेक मिळतो, सुटे भाग कुठंही मिळतात, असं सांगतात. माझं मत याच्या पूर्ण विरुद्ध आहे आणि ते नीट मांडावं म्हणून हा धागा काढतोय.

या गाडीला वेगळी चासी नाही. १९५३ साली इटलीत फियाट ११०० नव्यानं आली तीच एकसंध बॉडी घेऊन, आणि कुर्ल्याला बनलेल्या आपल्या गाड्याही तशाच. पुढं वरचा आर्म, खालचा आर्म (चाकाला गाडीशी जोडणारे हलते दांडे), कॉइल स्प्रिंग, अँटी-रोल बार (वळणावर गाडी कमी कलावी म्हणून लावलेला दांडा). चाकाचा सगळा मार खाली क्रॉसमेंबरवर, म्हणजे पुढच्या आडव्या तुळईवर, यावा असा हिशेब. स्ट्रट घातला की तोच मार वर, इनर फेंडरच्या टोकाला जातो. तिथला पत्रा त्यासाठी केलेलाच नाही. वरून जाड प्लेट वेल्ड केली तर प्लेटच्या कडेला चीर जाते, कारण जाड आणि पातळ जिथं जुळतं तिथंच ताण साठतो.

दुसरं म्हणजे, दोन आर्मचं सस्पेन्शन जुनं असलं तरी कमी प्रतीचं नाही. वळणावर गाडी कलली तरी चाक रस्त्यावर बरंच उभं राहतं. स्ट्रट आला तो स्वस्त पडतो, जागा कमी घेतो म्हणून. मारुतीसारख्या लहान, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तो बरोबरच आहे. आपण ज्याला "फियाटचं सस्पेन्शन खराब" म्हणतो ते असतं झिजलेलं सस्पेन्शन. किंगपिन (ज्या उभ्या पिनेभोवती पुढचं चाक वळतं ती) कोरडा, बुश (सांध्यात बसवलेली नळी) अंडाकृती, रबर कडक झालेलं, स्प्रिंग बसलेली. ते नवीन करा, मग बोला.

निपाणी_हायवे

साहेब, तुमचं मशीनशॉपचं ज्ञान मान्य. पण मी माझी पद्मिनी शोभेला ठेवलेली नाही, निपाणी ते बेळगाव एनएच-४८ वरून चालवतो. तवंदी घाट, मग संकेश्वर, मग वंटमुरी. उसाचा हंगाम लागला की मागे दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या अचानक समोर येतात. चारी चाकांना ड्रम ब्रेक घेऊन तिथं थांबून दाखवा. आजूबाजूच्या गाड्या शंभरनं चालल्यात आणि त्यांना डिस्क आहे, एबीएस आहे. मी जोरात ब्रेक दाबला की गाडी डावीकडं ओढते.

मला घरी सुखरूप पोचायचंय. मूळ रूप जपायचं काम संग्रहालयानं करावं. आणि किंगपिन म्हटलं की ग्रीसगन आलीच. आजच्या पोरांना ग्रीस निपल कुठं असतो हे तरी माहीत आहे का? बॉल जॉइंटची (किंगपिनऐवजी गोळीच्या सांध्यावर चाक वळणारी) गाडी असेल तर कुठल्याही गॅरेजात काम होतं.

उद्यमबागकर

ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढते हे ड्रम आहे म्हणून नव्हे. एका बाजूचा व्हील सिलिंडर जाम असेल, लायनिंगला तेल लागलं असेल, नाहीतर खालच्या आर्मचे बुश गेले असतील आणि ब्रेक लागताच आर्म मागं सरकत असेल. शेवटचं कारण असेल तर डिस्क घालूनही ओढणारच, उलट जास्त जोरात.

एक तपासणी करा. पुढचं चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा. खेळ दिसला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो बेअरिंगचा. तरीही राहिला तर किंगपिनचा किंवा आर्मचा. पाच मिनिटांचं काम आहे, एवढंही न करता गाडी कापायला नेतात याचा मला मनापासून त्रास होतो.

खानापूरची_लेक

दादा, तुमच्याशी बरीचशी सहमत, पण एका ठिकाणी नाही. तुम्ही मूळचं ते चांगलंच असं धरून चालताय. आमच्या बाबांची १९६८ ची डिलाइट मी चालवते. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. तांबडा चिखल आत जातो, पाणी ग्रीस धुऊन नेतं. पावसाळ्याआधी आणि नंतर ग्रीस मारूनही पिन लवकर झिजतो. कारखान्यात हे काढलं तेव्हा समोर आपला रस्ता नव्हता.

म्हणून मूळ रचना ठेवावी, पण माल आजचा वापरावा असं मला वाटतं. चांगले गॅसचे शॉकअब, रेडियल टायर आणि आर्मला पॉलियुरेथेन (रबरापेक्षा कडक प्लास्टिक) बुश. यात काहीच कापावं लागत नाही. उद्या कुणाला परत मूळचं करायचं असलं तर एका दिवसात होतं.

चिकोडीचे_मास्तर

कायद्याचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हेच अधोरेखित केलं.

शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा ही अट आहे. खानापूरच्या ताई, तुमची १९६८ ची गाडी त्यात बसते. इनर फेंडर कापलात तर तो हक्क गमावून बसाल.

निपाणी_हायवे

मास्तर, आरसीवर इंजिन नंबर, चासी नंबर, रंग, सीट असतात. सस्पेन्शन कुठं लिहिलेलं असतं? आणि व्हिंटेज नोंदणीचं अर्धंच सांगितलंत तुम्ही. ती घेतली की गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. नव्या नोंदणीची फी वीस हजार. पैसे भरून गाडी घरात बांधून ठेवायची? मला तो हक्क नकोच. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून साध्या नोंदणीवर चालवणारा माणूस मी.

चिकोडीचे_मास्तर

हे तुमचं बरोबर आहे. रोज चालवणाऱ्यानं व्हिंटेजच्या मागं लागू नये. पण नूतनीकरणाला गाडी तपासायला न्यावी लागते, आणि घरगुती वेल्डिंग केलेलं पुढचं अंग अधिकाऱ्यानं पाहिलं तर तो पास करीलच याचा भरवसा काय? अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअरही तेच आधी बघणार.

उद्यमबागकर

ताई, शॉकअब आणि रेडियलला माझा पाठिंबा. फक्त क्रम पाळा. झिजलेल्या बुशवर कडक शॉकअब घातला तर खडखडाट वाढतो आणि लोक शॉकअबला शिव्या देतात. मूळचा ५.२०-१४ क्रॉस-प्लाय (तिरप्या धाग्यांचा जुन्या पद्धतीचा टायर) काढून रेडियल घातला की गाडी वळवताना उभ्या जागी स्टेअरिंग जड लागतं. टो (पुढची चाकं वरून बघता किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) पुन्हा सेट करून घ्यावा लागतो.

पॉलियुरेथेनबद्दल मात्र माझं दुमत आहे. मूळचा रबर बुश बाहेरच्या आणि आतल्या नळीला चिकटलेला असतो, आर्म हलला की रबर पिळतं आणि परत येतं. त्याला ग्रीस लागत नाही. पॉलियुरेथेन घासत फिरतं. तुमच्याच तांबड्या मातीत ते कुरकुरायला लागेल आणि खड्ड्याचा सगळा दणका बॉडीत जाईल. सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांच्या पत्र्याला तो द्यायचा कशाला?

खानापूरची_लेक

कुरकुर चालेल मला. रबराचे बुश आणले ते वर्ष-दीड वर्षात फाटले. दुकानात जे मिळतंय ते रबर मूळच्या प्रतीचं कुठं राहिलंय?

शिरोळीवाला

मी कोल्हापूरचा, पण जुन्या फियाटी कर्नाटकातूनही आमच्याकडं येतात. ताई, बुश फाटण्याचं एक कारण बसवण्यात असतं. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना आर्मचे बोल्ट आवळले की रबर त्या स्थितीत धरलं जातं. गाडी खाली ठेवली की ते कायमचं पिळलेलं राहतं, मग फाटणारच. बोल्ट हातानं लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, पुढून दाबून दोन-चार वेळा हेलकावे द्यायचे आणि मगच शेवटचं आवळायचं. आमच्या वस्तादांनी हे पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

आणि स्प्रिंग कापून गाडी खाली घेण्याचा जो प्रकार चाललाय त्याबद्दल कुणीतरी स्पष्ट लिहा. कॉइल कापली की स्प्रिंग कडक होते, आर्मचे कोन बदलतात, टाय रॉडचा (स्टेअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचा) मेळ जातो, आणि खड्ड्यावर स्टेअरिंग आपोआप फिरतं. स्ट्रटपेक्षा हे मला जास्त धोक्याचं वाटतं.

निपाणी_हायवे

स्प्रिंग कापण्याच्या मीही विरोधात आहे. पण डिस्कवर मी ठाम आहे. ऊस ट्रॉलीसमोर रचनेचं सौंदर्य कामाला येत नाही.

उद्यमबागकर

डिस्कला माझा विरोध नाही, बॉडी कापायला आहे. मूळचा स्टब अॅक्सल (ज्या आखूड दांड्यावर चाक फिरतं तो) आणि दोन्ही आर्म जागेवर ठेवून, चांगल्या टर्नरकडून ब्रॅकेट करून कॅलिपर (डिस्कला आवळणारा भाग) बसवता येत असेल तर जरूर बसवा. पण त्याआधी ब्रेकचं सर्किट बघा. साठच्या दशकातल्या डिलाइटला सर्किट एकच आहे, एक पाइप फुटला तर चारी चाकांचा ब्रेक जातो. दोन वेगळी सर्किट देणारा दोन भागांचा मास्टर सिलिंडर हा मला डिस्कपेक्षा आधीचा खर्च वाटतो. आणि घाट उतरताना तिसऱ्या-दुसऱ्या गिअरवर उतरा, ड्रम तापूच देऊ नका.

निपाणी_हायवे

दोन भागांचा मास्टर सिलिंडर हे पटलं. ते आधी करतो. स्ट्रटचं ठरवायचं ते त्यानंतर. किंगपिनचा खेळ रविवारी बघतो. पण नवीन पिन-बुश घालायची वेळ आली तर नुसते ठोकून बसवले तर चालतील का? आमच्याकडचा मेस्त्री तसंच करतो.

उद्यमबागकर

नाही चालणार. ब्राँझचा बुश आत दाबला की तो किंचित आवळतो, म्हणून दाबल्यानंतर रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) मारावाच लागतो, आणि वरचा-खालचा दोन्ही एकाच लांब रीमरनं, एका रेषेत. बुशचं भोक ग्रीस निपलसमोर आलंय का ते बसवतानाच बघा. ते चुकलं तर कितीही ग्रीस मारा, पिन कोरडाच राहतो. पिन हातानं दाबला तर घट्ट सरकावा, हातोडी लागू नये. स्टब अॅक्सल सोडून घेऊन या, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवाले आहेत, समोर उभं राहून करून घेऊ.