शब्दचर्चा : 'सुप्त गुन्हेगार' की 'संभाव्य गुन्हेगार'?

आडवाटेचा :
मंडळाच्या दिवाळी अंकासाठी 'सायको-पास' या जपानी ॲनिमे मालिकेवर लेख लिहितोय आणि एका शब्दापाशी गाडं अडलंय. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मालिका २०१२ ची, प्रॉडक्शन आयजीची, कथेचा काळ २११२. रस्त्यारस्त्यावरचे स्कॅनर माणसाची मनःस्थिती मोजत असतात आणि त्यावरून प्रत्येकाचा 'गुन्हे-गुणांक' निघतो. तो शंभरच्या आत असेल तर पोलिसांच्या हातातलं डॉमिनेटर नावाचं पिस्तूल चालतच नाही. शंभरी ओलांडली की बधिर करून उचलतात. तीनशेला पोचलात की जागच्या जागी खलास. गुन्हा केलाय का, हे कुणी विचारत नाही.

शंभरी ओलांडलेल्याला जपानीत 'सेन्झाइहान' म्हणतात, इंग्रजी सबटायटलमध्ये 'लेटंट क्रिमिनल'. मी 'सुप्त गुन्हेगार' लिहिलं. संपादकांनी तांबड्या शाईने खोडून 'संभाव्य गुन्हेगार' केलं आणि समासात लिहिलं, "सुप्त ज्वालामुखी असतो, गुन्हेगार नव्हे."

मला 'संभाव्य' पटत नाही. संभाव्य उमेदवारांच्या यादीतल्या निम्म्यांना तिकीट मिळत नाही, हे त्या शब्दातच आहे. मालिकेत कागारी नावाचा पोरगा आहे, त्याला पाचव्या वर्षी सेन्झाइहान ठरवून समाजाबाहेर काढलंय. त्याच्याबाबतीत यंत्रणा 'कदाचित' म्हणत नाही. लेखाचा विषयच समाजाचा चाप विरुद्ध माणसाचं स्वतःचं असं काही, त्यामुळे इथे भलताच शब्द पडला तर लेख बसला. सुचवा.

लिंबलोण :
'भावी गुन्हेगार'. फ्लेक्सवर छान दिसेल. भावी नगरसेवक, भावी आमदार, भावी गुन्हेगार. बऱ्याच वॉर्डांत एकच फोटो तिन्हीला चालेल.

ताकतुंबा :
'गरीब व होतकरू गुन्हेगार'. शिष्यवृत्तीसाठी अर्ज मागवा.

शुद्धमती :
थट्टा पुरे. मूळ अडचण 'गुन्हेगार' या शब्दाची आहे. 'गुनाह' फारसी, 'गार' हा प्रत्ययही फारसी. त्याला 'सुप्त' हे संस्कृत विशेषण जोडले की धेडगुजरी होते आणि कानाला खटकते. 'अपराधी' हा आपला शब्द असताना उसनवारी कशाला? 'प्रच्छन्न अपराधी' म्हणावे. प्रच्छन्न म्हणजे झाकलेला. अर्थही जुळतो.

घाटमाथा :
ताई, 'अपराधी' म्हटलं की मला हात जोडलेला माणूस दिसतो. मराठी माणूस देवापुढे अपराधी असतो आणि पोलिसांपुढे गुन्हेगार. गुन्हा नोंदवतात, दाखल करतात, कबूल करतात. अपराध पोटात घालतात. चौकीतली अख्खी भाषा फारसी-अरबीतून आलीय, फिर्याद, जबानी, जामीन, कैद, सगळी. तिथून एकटा गुन्हेगार काढून काय साधणार?

शुद्धमती :
माधव जूलियनांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश केला. फारसी त्यांच्याइतकी कुणाला येत होती? त्याच माणसाने पुढे भाषाशुद्धीचा पक्ष घेतला. तेव्हा 'काय साधणार' हा प्रश्न जुना आहे आणि त्याचे उत्तरही दिलेले आहे.

घाटमाथा :
आणि त्या उत्तराला पुढच्या पिढीने दिलेलं उत्तर म्हणजे 'गुन्हेगार' हा शब्द. तो अजून जिवंत आहे.

विनाकारण :
मुद्द्यावर यायचं तर 'गुन्हे-गुणांक' आधी दुरुस्त करा. शाळेच्या बीजगणितात त्याला 'सहगुणक' म्हणतात. मी बावीस वर्षं तेच शिकवतोय.

आडवाटेचा :
सर, 'घर्षण गुणांक' चालतो की. शिवाय 'तुझा गुन्हे-सहगुणक दोनशे ऐंशी आहे' असं म्हणेपर्यंत समोरचा पळून जाईल.

ताकतुंबा :
बुद्ध्यांकाच्या चालीवर 'गुन्ह्यांक'. सुटसुटीत. संधी फारसीबरोबर केलाय म्हणून ताईंनी मला माफ करावं, अपराध पोटात घालावा वगैरे.

निशिकासाईकर :
तोक्योतून लिहितोय. जपानी शब्द फोडून बघू. 'सेन'चा मूळ अर्थ पाण्यात बुडी मारणं, दडून राहणं. पाणबुडीच्या जपानी नावातही हाच 'सेन' आहे. 'झाइ' म्हणजे असणं. म्हणजे 'सेन्झाइ' म्हणजे पृष्ठभागाखाली आहे, पण आहे. 'संभाव्य'साठी जपानीत वेगळा शब्द आहे, तो लेखकाने वापरलेला नाही. तेव्हा संपादक चुकताहेत असं माझं मत.

पण शेवटचा 'हान' जास्त महत्त्वाचा आहे. तो गुन्ह्याला आणि गुन्हेगारालाही लागतो. युद्धापूर्वी इथे 'शिसोहान' हा अधिकृत शब्द होता, विचारांचा गुन्हेगार. १९२५ साली शांतता-रक्षणाचा कायदा आला, १९३६ साली अशा शिसोहान लोकांवर सुटकेनंतरही नजर ठेवायचा कायदा झाला, आणि १९४१ मध्ये शिक्षा भोगून झालेल्याला 'पुन्हा करील' म्हणून आतच ठेवायची सोय झाली. १९४५ ला हे सगळं रद्द झालं. जपानी प्रेक्षकाला 'सेन्झाइहान' ऐकताना तो जुना 'हान' ऐकू येत असणार. त्यामुळे मराठी शब्द नुसता मानसशास्त्राच्या पुस्तकातला नको, सरकारी शिक्क्याचा हवा.

आणखी एक. माणसाचा मानसिक 'रंग' बिघडला की पात्रं 'निगोरु' हे क्रियापद वापरतात. इंग्रजीत त्याचं 'क्लाउड' केलंय, म्हणून मराठीत कुणी 'मन ढगाळलं' लिहील. तसं करू नका. निगोरु पाण्याचं होतं. सरळ 'गढूळ'. हेच क्रियापद व्याकरणातही येतं. 'का'वर दोन टिंबं दिली की 'गा' होतो, तेव्हाही जपानी माणूस म्हणतो, अक्षर गढूळ झालं.

विनाकारण :
म्हणजे आपली घोष व्यंजनं तिकडे गढूळ! क नितळ आणि ग गढूळ. उद्या वर्गात सांगतो.

रिकामटेकडा :
एक शंका. लोकांना गुण देणाऱ्या त्या यंत्रणेचं नाव काय?

आडवाटेचा :
सिबिल.

रिकामटेकडा :
हेच. पोरगी बघत होती, मी पेपर वाचत होतो. कानावर दोन-तीनदा 'सिबिल' पडलं आणि मला वाटलं होमलोनवर मालिका काढलीय. मग बसून पाहिली, तर फार फरकही नाही.

लिंबलोण :
तिकडचं सिबिल ग्रीक. भविष्य सांगणाऱ्या बाया असत, त्यांना सिबिल म्हणत. इकडचं कर्जाच्या संस्थेच्या आद्याक्षरांचं. उच्चार एक झाला हा योगायोग.

रिकामटेकडा :
योगायोग असेल, पण मराठीत तो शब्द कुठे पोचलाय बघा. 'स्कोअर' गळून पडला, नुसतं 'त्याचं सिबिल खराब आहे' म्हणतात, त्याची पत्रिका खराब आहे या सुरात. आमच्याकडे एक स्थळ त्याच्यावरून मोडलं. पीककर्जाला सिबिल मागू नका म्हणून सरकार बँकांना बजावतं आणि मॅनेजर 'सिस्टिम घेत नाही हो' म्हणतो. आकडे बघा, आपलं सिबिल तीनशेपासून नऊशेपर्यंत. तीनशे म्हणजे तळ. त्यांच्याकडे तीनशेला गोळी.

ताकतुंबा :
आणि ज्याने उभ्या जन्मात कर्ज घेतलं नाही त्याचं उणे एक येतं. म्हणजे बँकेच्या लेखी तो माणूस अस्तित्वातच नाही. मालिकेतला माकिशिमा तोच. समोर बाईचा गळा चिरतोय आणि पिस्तूल गुणांक दाखवतंय जवळजवळ शून्य. यंत्राला तो दिसतच नाही. शेवटी तर कळतं की ज्यांचा गुणांक लागत नाही अशा माणसांचे मेंदू काढूनच ती यंत्रणा

लिंबलोण :
अहो! माझे अजून सहा भाग राहिलेत!

ताकतुंबा :
दहा-बारा वर्षांपूर्वीच्या मालिकेचं काय गुपित ठेवायचं राव.

सेटलमेंटजवळचा :
सुप्त का संभाव्य यावर वाद घालताय, पण हा शब्द आपल्याकडं होता की. इंग्रजांनी १८७१ ला कायदा केला, अख्ख्याच्या अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार म्हणून नोंदवायचा. 'गुन्हेगार जमाती'. पोरगं पाळण्यात असतानाच त्याच्या नावावर तो शब्द. गडीमाणसांनी पोलिसांकडं हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर दाखला घ्यायचा. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेचं कुंपण घालून वसाहत केली होती. आजही सोलापुरात रिक्षावाल्याला 'सेटलमेंट' म्हणा, बरोबर नेऊन सोडतो. कायदा गेला १९५२ ला, तेव्हापासून 'विमुक्त' म्हणायचं. पण १९५९ ला मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि वही पुन्हा उघडली.

तेव्हा लेखात 'जन्मजात गुन्हेगार' किंवा नुसतं 'नोंदलेला गुन्हेगार' लिहा. कागारीचं पाचवं वर्ष म्हणता, आमच्याकडं ते पण उशिरा झालं म्हणायचे.

निशिकासाईकर :
हे फार नेमकं आहे. फक्त मालिकेत जातकुळीला अर्थ नाही, कुणाचाही रंग गढूळ होऊ शकतो. पहिल्याच भागात ती बाई बघा. तिला पळवून नेलंय, तिच्यावर अत्याचार झालाय, आणि त्या धक्क्याने तिचाच गुणांक वाढत वाढत जिवावर बेततो. पिस्तूल तिच्यावर रोखलेलं असताना नवखी अधिकारी आकाने आपल्याच सहकाऱ्याला बधिर करून पाडते. तिथे 'जन्मजात' लागू होत नाही.

सेटलमेंटजवळचा :
'नोंदलेला' तरी लागू होतो ना.

घाटमाथा :
आमचे वडील जमादार होते. त्यांच्या तोंडी असायचं 'रेकॉर्डवरचा'. "तो रेकॉर्डवरचा आहे" म्हटलं की पुढचं काही सांगावं लागायचं नाही. गणपती आले, निवडणूक आली, की रेकॉर्डवरचे आधी उचलून आणायचे. हल्ली 'टू प्लस' ऐकतो. दोन किंवा जास्त गुन्हे ज्याच्यावर आहेत तो टू प्लस. 'टू प्लसला बोलावून घ्या.' आकडाच नाव झाला. याहून सायको-पास काय असतं? आणि उचलायचं कशाखाली, तर चॅप्टर केस. फौजदारी संहितेच्या आठव्या प्रकरणातली कारवाई म्हणून 'चॅप्टर'. गुन्हा केला म्हणून नव्हे, करू नये म्हणून बॉण्ड. 'लई चॅप्टर आहे तो' हे आपण म्हणतो ना, ते यातूनच आलंय.

विनाकारण :
ही व्युत्पत्ती मला मान्य नाही. 'चॅप्टर' हा शाळेतला शब्द आहे. ज्याने बरेच धडे वाचलेत, किंवा ज्याच्यावर एक अख्खा धडा होईल, तो चॅप्टर.

घाटमाथा :
सर, धडे गिरवलेल्याला आपण हुशार म्हणतो, चॅप्टर म्हणत नाही. चॅप्टर म्हणजे ज्याच्यावर बॉण्ड लिहून घ्यायला हवा असा.

विनाकारण :
तुमच्या वडिलांच्या आधीचा लेखी वापर दाखवा.

लिंबलोण :
आता नव्या संहितेत ते प्रकरण आठवं नाही, नववं आहे. चॅप्टर मंडळींना बढती मिळाली.

शुद्धमती :
'रेकॉर्डवरचा' मुळीच चालणार नाही. 'अभिलेखावरील'.

ताकतुंबा :
"आई, अभिलेखावरचा आला, दार लाव."

आडवाटेचा :
मंडळी, दोन तारखेला लेख द्यायचाय. 'नोंदलेला' आवडला, पण त्यात 'आत दडलेलं' हा अर्थ जातो. 'सुप्त'मध्ये तो राहतो, पण यंत्रणेचा हात दिसत नाही, जणू दोष खरोखरच माणसात आहे आणि यंत्राने फक्त शोधून काढला. इथेच मी अडकलोय. दुसरा अडथळा तो 'स्वतःचं असं काही' याचा. 'व्यक्तिमत्व' लिहिलं तर मुलाखतीच्या तयारीचा क्लास वाटतो.

शुद्धमती :
व्यक्तिमत्त्व. दोन त. व्यक्तिमत् अधिक त्व. महत्त्व, तत्त्व, तसेच. 'व्यक्तित्व'ला आणि 'स्वत्व'ला एकच. आणि तुम्हाला जे हवे आहे ते 'स्वत्व' आहे.

घाटमाथा :
स्वत्व म्हटलं की आम्ही लगेच राष्ट्राचं आणि भाषेचं स्वत्व म्हणतो. एकट्यादुकट्या माणसाकडे ते उरलंय कुठे? 'व्यक्ती'कडेच बघा. मूळ 'व्यक्त'. उघड झालेलं, नजरेला आलेलं, ती व्यक्ती. म्हणजे तुमचा सेन्झाइहान हा 'अव्यक्त गुन्हेगार'. आत काय आहे ते अजून व्यक्त झालेलंच नाही, आणि त्याच्याआधीच यंत्र येऊन उचलतंय. व्यक्ती व्हायलाच बंदी. घ्या, तुमचा लेख आयता.

विनाकारण :
गीतेतलं अव्यक्त इथे लावणार? 'अव्यक्त गुन्हेगार' म्हणजे मला मौनव्रत घेतलेला चोर वाटतो.

रिकामटेकडा :
मालिकेत लोक मौनव्रतच धरून असतात. तो हेल्मेटवाला प्रसंग आठवा. जवळच्या माणसाचा निर्मळ गुणांक उसना घेणारं हेल्मेट घालून एक जण भर रस्त्यात बाईला हातोड्याने मारतो आणि भोवतीचे लोक नुसते बघत राहतात. यंत्र गप्प आहे म्हणजे हा गुन्हा नसणार. बोंब मारायची असते हेच विसरलेत. समाजाचा दाब म्हणता, पण तिथे समाजच शिल्लक नाही. आपल्याकडे निदान 'चार लोक काय म्हणतील' असतं.

सेटलमेंटजवळचा :
त्या चार लोकांनी किती घरं वाळीत टाकली ते विचारा. २०१६ ला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, तो याच चार लोकांसाठी. त्यांना स्कॅनर लागत नाही.

निशिकासाईकर :
वाळीतला जपानी जोड आहे, 'मुराहाचिबु'. मुरा म्हणजे गाव, हाचिबु म्हणजे आठ भाग. गावाचे दहा व्यवहार, त्यातले आठ तोडायचे, दोन ठेवायचे, आग लागली तर विझवायला जायचं आणि मयताला जायचं, असा अर्थ सांगतात.

सेटलमेंटजवळचा :
आमच्याकडं दहाच्या दहा. खांदा द्यायला पण कुणी येत नाही.

विनाकारण :
'वाळीत'मधलं 'वाळणं' म्हणजे सुकणं का? मला वाटतं पानासारखं सुकवून गळू द्यायचं, ही कल्पना असावी.

शुद्धमती :
नाही. जुन्या मराठीत 'वाळणे' सकर्मक आहे, वर्ज्य करणे या अर्थी. पानाचा संबंध नाही.

विनाकारण :
अर्थांचा आतून काही संबंध असेलच की. यावर वेगळा धागा काढतो.

ताकतुंबा :
काढा, आणि त्यात 'चॅप्टर'पण घ्या. आडवाटेचा, दोन तारीख म्हणालात ना? 'गुन्ह्यांक' छापताय का ते तेवढं कळवा, मला त्याचं श्रेय हवंय.